पंधरावी काठी

घरी पाहुणी येणार हे मला सगळ्यांत शेवटी कळलं, तेही ओट्याशी कांदा चिरताना. नवरा क्लबातून आला, बूट दाराबाहेर काढले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "अगं, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. मुलगी अगदी ग्रँड आहे म्हणे." वीस वर्षं आयर्लंडमधल्या गॉलवेत काढल्यावर त्याच्या मराठीत हा ग्रँड असा काही मुरलाय, की ताप उतरला तरी ग्रँड आणि वरण खारट झालं तरी ग्रँड. मी सुरी खाली ठेवली आणि कुठली मुलगी, कसला आठवडा, ते सगळं विचारून घेतलं.

गोष्ट अशी होती. गोल्फ खेळून पोट भरणाऱ्या मुलींच्या ज्या मोठ्या स्पर्धा टीव्हीवर दिसतात, त्यांच्या खाली एक धाकटी मालिका असते. नुकत्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुली तिथं खेळतात, देशोदेशी फिरतात, आपली बॅग आपणच ओढतात. दर वेळी हॉटेल त्यांना परवडणारं नसतं, म्हणून ज्या गावात स्पर्धा असेल तिथल्या क्लबाचे सभासद एकेकीला आपल्या घरी ठेवून घेतात. जेवणखाण, अंथरूण, सकाळी मैदानावर सोडणं, सगळं. वारकऱ्याला ओसरी द्यावी तशी ही गोल्फवाल्यांची रीत. त्या वर्षीची शेवटची स्पर्धा आमच्याकडच्या समुद्राकाठच्या मैदानावर होती, सेक्रेटरीनं मीटिंगमध्ये विचारलं होतं, आणि आमच्या घरच्या दानशूरानं बायकोला न विचारता हात वर केला होता.

मला गोल्फचं प्रेम कधीच नव्हतं. आडव्या पावसात, छत्र्या उलट्या होत असताना, धडधाकट माणसं एका पांढऱ्या गोळीमागे चार-चार तास चालतात, आणि घरी येऊन प्रत्येक फटक्याचं कीर्तन लावतात. मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांना झोपवण्याचा माझा धंदा, पण नवऱ्याच्या गोल्फपुढे माझी औषधं फिकी. तरी मी हो म्हटलं. मुलगा कॉलेजसाठी डब्लिनला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती, आणि त्या रिकाम्या खोलीचं दार बंद ठेवायचं की उघडं, हे मला ठरवता येत नव्हतं.

घरात तेव्हा सासूबाई होत्या. कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. सासरे असताना उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं तिथला हिशेब आणि कामगारांचा चहा दोन्ही सांभाळला. गॉलवेत त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. ओट्याच्या वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, देव मांडून झाले होते, माझे मसाल्याचे डबे तीनदा लावून झाले होते. खिडकीतून वारा बघत बसायच्या. पाहुणी येणार म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "खाती काय ती?"

ती सगळं खात होती. सोमवारी दुपारी नवऱ्यानं तिला स्टेशनवरून आणलं. तेवीस वर्षांची, उंच, कान आणि नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला. मागे एवढी मोठी बॅग, की आधी बॅग आत आली आणि मग ती. अमेरिकेतल्या नेब्रास्कातली, मक्याच्या शेतांमधल्या एका लहान गावातली. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. गावात एकच गोल्फचं मैदान, तेही अर्धंच, नऊ होलांचं, आणि तिथं वडिलांनीच तिला शिकवलं. मला तिनं मॅडम म्हटलं, मी नको म्हटलं, तरी शेवटपर्यंत म्हणतच राहिली. सासूबाईंना मात्र आम्ही काय म्हणतो ते विचारून पहिल्या रात्रीपासून 'आजी' म्हणाली. (तिचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते. मूळ बोलणं सावकाश आणि लांबट स्वरांचं होतं, आमच्या आयरिश शेजाऱ्यांसारखं धावतं नव्हे.)

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तळव्यावरचे घट्टे एकेक करून दाबून पाहिले. मला म्हणाल्या, "ह्यो बग. तुझ्या सासऱ्याचा हात असाच हुता. राबणारी हाय पोरगी." हे मी तिला सांगितलं, तर ती लाजून लाल झाली आणि हात काढून घेईना. मग तिच्या पानात थालीपीठ पडायला लागलं, लोण्याच्या गोळ्यासकट. बुधवारी तिनं खुणेनं विचारलं, एक बरोबर नेऊ का. नवव्या होलवर भूक लागते म्हणे. सासूबाईंनी फॉइलमध्ये दोन बांधली.

जेवताना नवऱ्यानं तिला स्पर्धेचं विचारलं, आणि तिनं तितक्याच सावकाश सगळं सांगितलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस खेळ. शनिवारी संध्याकाळी पहिल्या दहांत नाव आलं, तर पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे वर्षभर या मालिकेत हक्कानं खेळायला मिळणार. नाही आलं, तर घरी.

"घरी म्हणजे, पुन्हा प्रयत्न करता येत नाही?" मी विचारलं.

"येतो. डिसेंबरात पात्रता फेरी असते. पण मी वडिलांना शब्द दिलाय. कॉलेजनंतर दोन वर्षं, आणि ती या शनिवारी संपतात. कार्ड मिळालं नाही तर परत येऊन दुकानात उभी राहीन, असं मीच कबूल केलंय."

"ते रागावलेत का?"

तिनं जरा विचार केला. "नाही. त्यांना वाटतं मी पुरेशी काळजीपूर्वक नाही. लहानपणापासून तेच सांगतात, तुझा हात चांगला आहे, लक्ष ठिकाणावर नसतं."

सासूबाईंना मी हे मराठीत सांगितलं. त्यांनी भाताचं पातेलं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "सगळ्या बापांचं एकच गाणं," आणि तिला अजून भात वाढला.

गुरुवारी ती उत्तम खेळली. संध्याकाळी फलकावर सहावी होती. नवरा स्वयंसेवक म्हणून 'शांतता' लिहिलेली पाटी धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात हे खातं आलं असेल. घरी येऊन त्यानं प्रत्येक फटका मला सांगितला, आणि खरं सांगायचं तर मी ऐकला. मग मी रात्रपाळीला गेले.

शुक्रवारी दसरा होता. सकाळी आठला हॉस्पिटलमधून परतले, तर मागच्या दारापाशी, जिथं वॉशिंग मशीन आणि बूट असतात तिथं, सासूबाईंनी जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर घरातली सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. कोल्हापुरात वर्कशॉपमध्ये हेच चालायचं. दसऱ्याला पान्हे, हातोड्या, ड्रिल, सगळं पेट्यांतून बाहेर काढायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी जपून वापरायचं. ज्याच्यावर पोट आहे त्याच्या पाया पडायचं, एवढाच त्यातला धर्म. इथं पान्हे नव्हते. म्हणून चादरीवर माझा स्टेथोस्कोप होता, नवऱ्याचा लॅपटॉप होता, गाडीची किल्ली, सुऱ्या, आणि गोल्फच्या काठ्या. (गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात आणि जिथं खेळतात त्यालाही, तेव्हा घोळ नको म्हणून मी आपली काठीच म्हणते.) नवऱ्याच्या काठ्या आणि तिच्या काठ्या, सगळ्या कोमट पाण्यानं धुतलेल्या, खाचांतली माती जुन्या ब्रशनं काढलेली, प्रत्येकीच्या पाठीवर कुंकवाचा ठिपका. दारातल्या टांगत्या कुंडीतले झेंडू तोडून एकेकीपाशी ठेवलेले.

ती जिन्यावरून खाली आली आणि तिथंच थांबली. मला धडकी भरली. खेळाडूच्या सामानाला कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. मी घाईघाईनं दसऱ्याचं सांगू लागले. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "म्हणजे यांनी माझ्या काठ्यांसाठी प्रार्थना केली?"

"काठ्यांसाठी नाही, काठ्यांना," मी म्हटलं. "हाताला यश दे म्हणून."

तिनं फोन काढून फोटो घेतला. नवऱ्याला विचारलं, ठिपका चालेल ना. तो म्हणाला, पाठीवर आहे, चेंडूला लागत नाही, काही हरकत नाही. मग सासूबाईंनी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. तेवढ्यात मी अंघोळीला गेले. खाली काठ्या बॅगांमध्ये परत भरल्या गेल्या. सासूबाईंनी भरल्या. वर्कशॉपची शिस्त अशी, की ज्यानं पूजेला काढलं त्यानंच जागच्या जागी ठेवायचं.

त्या दिवशी सासूबाईंना घेऊन मी प्रथमच खेळ बघायला गेले. झोप झालेली नव्हती, पण दसरा होता आणि सासूबाईंनी नऊवारी नेसून, वर माझ्या नवऱ्याचं पावसाळी जाकीट चढवून तयारी केली होती. प्रेक्षक मोजकेच. दोरीच्या कडेनं चालत जायचं, खेळाडू मारायला उभी राहिली की थांबायचं. वारा समुद्राकडून येत होता. आमची मुलगी बॅगेची ढकलगाडी घेऊन पुढं चालली होती आणि मला, ज्या बाईला गोल्फचा कंटाळा, तिला छातीत धडधडत होतं. पहिले दोन होल तिनं सुरेख खेळले.

तिसरा होल लहान होता. तिनं बॅगेत हात घातला, एक काठी अर्धी वर काढली, आणि थबकली. मग दुसरी काढली. दोन्ही तोकड्या, तिरप्या तोंडाच्या, एकाच कंपनीच्या. क्षणभर ती त्या दोन्हींकडे बघत राहिली. तिच्याबरोबरच्या दोघी पुढं हवेचा अंदाज घेत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं. पाटी धरलेला नवरा दूर होता. मला काही उमगलं नाही, फक्त एवढं दिसलं की ती बॅगेतल्या सगळ्या काठ्यांवरून बोट फिरवत मोजते आहे. मग तिनं हात उंच केला आणि पंचांना बोलावलं.

पंच छोट्या गाडीतून आले. वयस्क, लाल गालांचे गृहस्थ. दोघं हळू आवाजात बोलले. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा काही विचारलं, तिनं मान हलवली. ते परत गेले. ती एक काठी घेऊन दोरीपाशी आली, थेट सासूबाईंपुढे, आणि दोन्ही हातांनी ती पुढं केली.

"आजीला सांगाल का, आज ही माझ्यासाठी सांभाळा म्हणून?"

मी सांगितलं. सासूबाईंनी काठी घेतली, कपाळाला लावली, आणि जमिनीवर टेकून ताठ उभ्या राहिल्या. उरलेले सोळा होल त्या तीच काठी टेकत चालल्या. वाळूतले चढउतार, ओलं गवत, सगळं. मध्ये एकदा मी म्हटलं, आई, द्या मी धरते, तर म्हणाल्या, "तुला न्हाई दिली तिनं."

कुणाची काठी, ते मला नवव्या होलच्या पुढं कळलं. नवरा पाटी दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन आला, सासूबाईंच्या हातातल्या काठीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ती माझी आहे."

नियम असा, की बॅगेत चौदाच काठ्या हव्यात. पंधरावी निघाली, तर ती वापरा न वापरा, ज्या ज्या होलवर ती बॅगेत होती त्या प्रत्येक होलला दोन फटके दंड, जास्तीत जास्त चार. पहिले दोन होल ती बॅगेत होती. चार फटके. आणि सापडली की ती खेळातून काढून टाकावी लागते, कोणाला तरी देऊन टाकली तरी चालते. आणि ज्यांनी ती चुकून घातली, त्या सासूबाईंच्याच हातात तिनं ती दिली होती, मानाची वस्तू असल्यासारखी.

"कुणी बघितलं होतं का?" मी विचारलं.

"कुणीच नाही. पण ह्या खेळात कुणी बघावं लागत नाही, आपणच सांगायचं असतं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. दोरीपलीकडे फॉइलमधलं थालीपीठ खाणाऱ्या मुलीकडे त्या बघत होत्या, दुसरं संपवते की नाही म्हणून. मला नवऱ्याचा, दसऱ्याचा आणि एकसारख्या काठ्या बनवणाऱ्या त्या कंपनीचा एकाच वेळी राग आला. सासूबाईंचा येईना. तो आला असता तर बरं झालं असतं, निदान कुठं तरी ठेवता आला असता.

संध्याकाळी ती फलकावर अकरावी होती. गाडी लावून नवरा सासूबाईंना आत घेऊन गेला आणि आम्ही दोघी डिकीतून सामान काढत मागं राहिलो. मी तिची माफी मागितली. कशी मागावी ते कळत नव्हतं, म्हणून सरळच मागितली. म्हटलं, हे आमच्या घरानं केलं.

"मोजणं माझं काम आहे," ती म्हणाली. "पहिला फटका मारायच्या आधी मी रोज मोजते. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. आजही मोजायला सुरुवात केली होती. पण ते लाल ठिपके दिसले, हसू आलं आणि मोजायचं राहिलं." ती पुन्हा जराशी हसली. "त्या आजींना सांगू नका. प्लीज."

"त्यांना प्रश्न पडेल की नंबर का घसरला."

"वारा होता," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. जी मुलगी कोणी न पाहिलेली काठी लपवू शकत नव्हती, ती एका म्हातारीसाठी किती सहज खोटं बोलायला तयार होती. आमच्या ऑपरेशन थिएटरात शेवटी रक्त टिपायचे गॉजचे तुकडे मोजतात. आकडा जुळला नाही तर टाके घालत नाहीत, मग सर्जन कितीही मोठा असो. मला वाटायचं मोजदादीचं महत्त्व मला कळतं. पण चुकलेल्या आकड्याचं ओझं स्वतःच्या अंगावर घेऊन दुसऱ्याला मोकळं सोडायचं, हे मी तिथं कधी पाहिलं नव्हतं. नाही सांगणार, म्हटलं, आणि तिला जवळ घेतलं. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, तिला वाकावं लागलं.

शनिवारी ती जिवाच्या आकांतानं खेळली. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ते वाऱ्यावर ढकलत होते. एकेक जागा वर चढत, शेवटच्या होलला ती बरोबर दहावी होती, आणखी एकीच्या बरोबरीनं. चेंडू भोकापासून हातभर लांब. तिनं मारला, तो भोकाच्या काठावरून अर्धा फिरला आणि बाहेर आला. एका फटक्यानं गेलं. चार फटके आमचे, त्यांतला एक.

तिनं दोघींशी हात मिळवले, टोपी काढली, पंचांचे आभार मानले. सासूबाईंनी मला विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. "जिकली?" मी मान हलवली. गाडीत त्या मागं तिच्या शेजारी बसल्या आणि घर येईपर्यंत तिचा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर तिला दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानासाठी बांधाबांध करायची होती. मी वाळलेले कपडे घ्यायला मागच्या दाराशी गेले, तर ती पायरीवर बसून, वर्तमानपत्रावर बूट ठेवून सुरीनं खालची माती काढत होती. फोन शेजारी, स्पीकरवर. पलीकडे तिचे वडील. तिथं दुपार होती, दुकान चालू होतं, दाराची घंटा मध्येच वाजत होती. मी परत फिरणार होते, पण कपडे हातात आणि दार अरुंद, ऐकू आलंच.

ते शुक्रवारचं विचारत होते. स्पर्धेच्या वेबसाइटवर त्यांनी आकडे पाहिले होते. पहिले दोन्ही होल दोन-दोन फटके जास्त कसे?

"बॅगेत पंधरा होत्या," ती म्हणाली.

पलीकडे गल्ला बंद झाल्याचा आवाज आला. मग तोच तिच्यासारखा सावकाश आवाज. "मोजल्या नाहीस."

"नाही मोजल्या."

"कितीदा सांगितलं असेल मी."

"हो, बाबा."

"जास्तीची आली कुठून?"

"माझंच लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी कपडे घेऊन आत गेले असते. "बरं. मग आता ठरल्याप्रमाणे. मंगळवारी माल येणार आहे, तोवर पोचशील?"

"पोचेन," ती म्हणाली. सुरी बुटाच्या तळाशी तशीच थांबली होती.

मी कपड्यांची टोपली खाली ठेवली. तिनं वर पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि जोरजोरात मान हलवली, नको म्हणून. पण मी तिला वचन दिलं होतं ते सासूबाईंपुरतं. तिच्या वडिलांबद्दल ती काही बोलली नव्हती, आणि बोलली असती तरी मी ऐकलं नसतं. मी पायरीवर बसले, फोन उचलला, मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "ती काठी माझ्या नवऱ्याची होती. माझ्या सासूबाईंनी चुकून तिच्या बॅगेत घातली."

"त्यांनी का घातली?"

मी सांगितलं. नेब्रास्कातल्या एका हार्डवेअरवाल्याला मी दसरा सांगितला. वर्षातून एक दिवस आमच्याकडे ज्यांच्या जिवावर घर चालतं ती सगळी हत्यारं बाहेर काढतात, धुतात, त्यांना कुंकू लावतात आणि त्यांच्या पाया पडतात. सासूबाईंच्या घरी लेथ होतं, चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांनी तुमच्या मुलीचा हात पाहिला आणि तिच्या काठ्या आपल्या घरातल्या हत्यारांत धरल्या. आणि परत भरताना एक इकडची तिकडे गेली.

दुकानाची घंटा वाजली. कोणीतरी बिजागऱ्या विचारल्या. ते "एक मिनिट" म्हणाले आणि मला वाटलं, फोन ठेवणार. ठेवला नाही.

"सगळ्या काठ्यांना लावलं?"

"सगळ्यांना."

"आणि त्या बाईंना ठाऊक आहे, चूक झाली ते?"

"नाही. तुमच्या मुलीनं सांगू दिलं नाही. उलट ती काठी सांभाळायला म्हणून त्यांनाच दिली. त्या दिवसभर ती मिरवत होत्या."

ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कोण आहे, त्यांनी खुणेनं विचारलं. तिचे वडील, मी म्हटलं. सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, माझ्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांत धरला आणि व्याह्यांशी बोलावं तसं बोलायला लागल्या.

"रामराम पाव्हणं. पोर लई गुणाची हाय तुमची. माझं वय झालं, मला कोण काय काम सांगत न्हाई आता. तिनं आपलं हत्यार माझ्या हातात दिलं, सांभाळा म्हनून. कोण देतंय असं? हरली म्हनून तिला घरात बसवू नगासा. तेवढं माझं ऐका."

आणि फोन मला परत दिला. वडिलांनी विचारलं, काय म्हणाल्या. मी शब्द न् शब्द सांगितला.

पलीकडे त्यांनी कुणाला तरी जरा थांबायला सांगितलं. मग त्यांनी मुलीला हाक मारली. तिनं डोकं वर केलं.

"ती डिसेंबरची फेरी. नाव घातलंस?"

"नाही," ती म्हणाली. "शब्द दिला होता ना."

"मग घाल," ते म्हणाले. "माल मी उतरवून घेतो." आणि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून फोन ठेवला.

ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलासारखी, मातीचा बूट तसाच मांडीवर. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय म्हनालं पाव्हणं?"

"खेळ म्हणाले."

"मग रडतिया कशाला?" त्या म्हणाल्या, आणि खाली बसून तिच्या हातातला बूट घेतला आणि उरलेली माती काढायला लागल्या.